करातून गेलेली नोट पुढे कुठे जाते?

अर्थसंकल्प कोणत्याही देशाचा असो, तो मांडून झाला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. ‘कर वाढवलेत, आता नोकऱ्या जाणार’ हे एक. ‘सरकार एवढा खर्च करतंय, आता नोकऱ्या येणार’ हे दुसरं. दोन्ही बोलणारे तितक्याच ठामपणे बोलतात आणि दोघांकडेही इतिहासातली खरीखुरी उदाहरणं असतात. कारण दोन्ही वाक्यं अर्धी आहेत. पहिल्यात कराचा पैसा पुढे जातो कुठे, याचा पत्ता नाही. दुसऱ्यात खर्चाचा पैसा येतो कुठून, ते सांगितलेलं नाही.

म्हणून नोटेच्या मागे मागे जाऊन बघू.

समजा, सरकारने एका माणसाकडून शंभराची नोट कर म्हणून घेतली. त्याच्यापुरती ती गेली. पण अर्थव्यवस्थेतून ती गेलेली नसते. तीच नोट शिक्षिकेच्या पगारात जाते, पूल बांधणाऱ्या कंत्राटदाराच्या बिलात जाते, निवृत्त माणसाच्या पेन्शनमध्ये जाते, नाहीतर जुन्या कर्जाच्या व्याजापोटी जाते. करदात्याच्या हातून होणारी खरेदी राहिली आणि तिच्या जागी दुसऱ्या कुणाच्या तरी हातून खरेदी झाली. त्यामुळे ‘कराने नोकऱ्या जातात का?’ हा प्रश्न नीट विचारायचा तर असा विचारावा लागतो: जी खरेदी राहून गेली तिच्यावर किती जणांचं काम चालत होतं, आणि जी झाली तिच्यावर किती जणांचं चाललं?

एका पगारातून दुसरा पगार

रिचर्ड कान या केंब्रिजच्या तरुण अर्थतज्ज्ञाने १९३१ मध्ये हाच हिशोब मांडायला घेतला. ब्रिटनमध्ये बेकारी माजली होती. सरकारने रस्ते बांधायला काढले तर रस्त्यावर काम मिळालेल्या माणसांशिवाय आणखी किती जणांना काम मिळेल, हा त्याचा प्रश्न होता. पुढे १९३६ मध्ये जॉन मेनार्ड केन्सने ही कल्पना आपल्या मांडणीच्या मध्यभागी ठेवली. आज तिला ‘गुणक’ म्हणतात.

गणित शाळेतलंच आहे. सरकारने गवंड्याला १०० दिले. त्याने २० शिलकीत टाकले आणि ८० खर्च केले. ते ८० ज्या दुकानदाराकडे गेले त्याने ६४ खर्च केले, पुढच्याने ५१ आणि काही पैसे. ही उतरती साखळी शेवटपर्यंत मोजली तर बेरीज ५०० भरते. म्हणजे १०० च्या खर्चातून ५०० चं उत्पन्न तयार झालं, गुणक ५.

प्रत्यक्षात ५ कधीच मिळत नाही, कारण वाटेत गळती असते. प्रत्येक टप्प्यावर शिलकीत पडतो त्याशिवाय थोडा पैसा करात परत जातो आणि थोडा परदेशी मालावर खर्च होऊन दुसऱ्या देशातल्या कामगाराचा पगार होतो. छोट्या, आयातीवर जगणाऱ्या देशात ही शेवटची गळती फार मोठी असते. त्यामुळे तिथे सरकारी खर्चाचा मोठा वाटा सीमेपलीकडे काम निर्माण करतो. अमेरिकी संसदेचं अर्थसंकल्प कार्यालय हे आकडे नेहमी पल्ल्यातच देतं. सरकारने थेट वस्तू व सेवा विकत घेतल्या तर गुणक ०.५ ते २.५. श्रीमंतांना वर्षभरासाठी करसवलत दिली तर ०.१ ते ०.६. पल्ला किती रुंद आहे बघा. ‘एका रुपयाचे तीन रुपये होतात’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या माणसाकडे म्हणूनच जरा संशयाने पाहावं.

श्रीमंतांच्या सवलतीचा गुणक एवढा कमी का, ते उघड आहे. ज्याच्या सगळ्या गरजा आधीच भागलेल्या आहेत त्याच्या खात्यात आणखी पैसे आले तर ते बहुतेक खात्यातच राहतात. ज्याची महिनाअखेर ओढाताणीत जाते त्याच्या हातातला पैसा आठवड्याच्या आत बाजारात पोचलेला असतो. कराच्या बाबतीत हेच गणित उलट चालतं. पहिल्याकडून कर घेतला तर बाजाराला फारसं जाणवत नाही, दुसऱ्याकडून घेतला तर त्याच आठवड्यात जाणवतं.

आता यातली सर्वांत चमत्कारिक गोष्ट. समजा, सरकारने कर्ज काढलंच नाही. १०० चा कर वाढवला आणि तेवढेच १०० खर्च केले. फिट्टंफाट, परिणाम शून्य, असंच कुणालाही वाटेल. पण १९४५ मध्ये ट्रिग्वे होवेल्मो या नॉर्वेच्या अर्थतज्ज्ञाने दाखवलं की तसं होत नाही. सरकार खर्च करतं ते पूर्ण १००. कर देणाऱ्याने मात्र ती नोट हाती राहिली असती तर ८० च खर्च केले असते, २० बाजूला टाकले असते. म्हणजे करामुळे बाजारातून ८० कमी झाले आणि खर्चामुळे १०० आले. पुढची साखळी धरून हिशोब केला तर खर्चाचे +५०० आणि कराचे −४००, उरले १००. तूट एका पैशानेही न वाढवता अर्थव्यवस्था १०० ने मोठी झाली. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला ही हातचलाखी वाटली होती आणि कागदावर तीनदा मांडून पाहावं लागलं होतं. होवेल्मोला पुढे १९८९ मध्ये नोबेल मिळालं, मुख्यतः अर्थमितीतल्या कामासाठी.

पण या सगळ्या गणितात एक अट लपलेली आहे, आणि माझ्या मते वादातलं निम्मं भांडण तिच्याकडे लक्ष न गेल्यामुळे होतं. गवंडी रिकामा बसलेला असला पाहिजे.

रिकामे हात आहेत का?

सगळे वेल्डर कामावर आहेत, सिमेंटचे कारखाने पूर्ण क्षमतेने चालू आहेत, अशा वेळी सरकारने मोठा पूल काढला तर वेल्डर येणार कुठून? कुठल्या तरी कारखान्यातून, जास्त पगार देऊन. पुलावर नोकरी आली, कारखान्यातली जागा रिकामी झाली आणि वेल्डिंग महाग झालं. नोकऱ्यांची एकूण संख्या तिथेच राहिली. तोच पूल मंदीत काढला तर घरी बसलेला वेल्डर कामावर येतो आणि कुणाचंच काही हिरावलं जात नाही. एकच पूल, एवढाच खर्च, परिणाम दोन टोकांचे.

यासाठी अमेरिकेच्या इतिहासातली दोन वर्षं शेजारी शेजारी ठेवण्यासारखी आहेत: १९३७ आणि १९४४.

१९३३ पासून अमेरिका महामंदीतून हळूहळू वर येत होती. बेकारी २५ टक्क्यांच्या आसपास होती ती निम्म्यावर येत चालली होती. रूझवेल्ट सरकारला वाटलं, आता बरं चाललंय, अंदाजपत्रकाचा तोल सावरू. १९३६ मध्ये माजी सैनिकांना मोठा बोनस वाटला होता. तो एकदाचाच होता, पुढच्या वर्षी तो पैसा बाजारात आला नाही. १९३७ पासून सामाजिक सुरक्षेसाठी पगारावरचा नवा कर कापला जाऊ लागला, पण त्यातून द्यायची मासिक पेन्शन सुरू व्हायला अजून काही वर्षं होती. सरकारी कामं कमी केली गेली. त्याच सुमारास मध्यवर्ती बँकेने बँकांना राखून ठेवायच्या निधीचं प्रमाण दुप्पट केलं. सगळे ब्रेक एकदम लागले. बेकारी १४ टक्क्यांच्या आसपासून १९ टक्क्यांवर गेली आणि कारखान्यांचं उत्पादन वर्षभरात साधारण तिसऱ्या हिश्शाने घसरलं. ‘कर वाढला, नोकऱ्या गेल्या’ म्हणणाऱ्यांना याहून चांगला पुरावा मिळणार नाही.

आता १९४४. अमेरिकेत उत्पन्नाच्या सर्वांत वरच्या टप्प्यावरचा कर ९४ टक्के, म्हणजे १९३७ पेक्षाही जास्त. शिवाय पूर्वी ज्यांना प्राप्तिकर माहीतही नव्हता असे कोट्यवधी सामान्य पगारदार आता तो भरत होते. आणि बेकारी? १.२ टक्के. युद्धासाठी सरकार जहाजं, विमानं, दारूगोळा असं मिळेल ते विकत घेत होतं. त्यामुळे हातांचा तुटवडा होता आणि स्त्रिया मोठ्या संख्येने कारखान्यांत आल्या होत्या. इथे कराचं कामच वेगळं होतं. लोकांच्या खिशात भरपूर पगार खुळखुळत होता, पण पोलाद रणगाड्यांत जात असल्याने बाजारात मोटारी नव्हत्या. तो पैसा तसाच सोडला असता तर भाव आभाळाला भिडले असते. म्हणून रेशनिंग होतं, भावांवर नियंत्रण होतं आणि कर होता. १९३७ चा कर चढावर लावलेला ब्रेक होता, १९४४ चा उतारावर.

हाच फरक अलीकडेही दिसला. फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेने मंदीवर उपाय म्हणून ७८७ अब्ज डॉलरचं पॅकेज आणलं. त्यात खर्च होता आणि करसवलतीही होत्या. व्याजदर आधीच शून्याच्या जवळ होते, बांधकाम मजुरांपासून बँक कर्मचाऱ्यांपर्यंत सगळे रिकामे होते. भाव भडकतील असा इशारा पुष्कळांनी दिला. ते भडकले नाहीत. मार्च २०२१ मध्ये महामारीच्या शेवटाकडे १.९ लाख कोटी डॉलरचं, म्हणजे दुपटीहून मोठं पॅकेज आलं. तेव्हा बेकारी ६ टक्क्यांच्या आसपास येऊन वेगाने उतरत होती आणि मालाची वाहतूक जगभर अडकलेली होती. नोकऱ्या झपाट्याने परत आल्या, हे खरं. पण जून २०२२ मध्ये महागाई ९.१ टक्क्यांवर पोचली, चाळीस वर्षांतली सर्वांत जास्त. युक्रेनचं युद्ध, तेल, चिप्सचा तुटवडा यांचाही तिच्यात हात होता आणि पॅकेजचा नेमका वाटा किती यावर अर्थतज्ज्ञ अजून भांडतात. माझा कल असा आहे की पहिलं पॅकेज खड्ड्याच्या मानाने लहान होतं आणि दुसरं मोठं.

महागाई वाढली की मध्यवर्ती बँक व्याजदर वाढवते, हा साखळीतला पुढचा दुवा. २०२२ या एकाच वर्षात अमेरिकी मध्यवर्ती बँकेने दर शून्याजवळून साडेचार टक्क्यांच्या जवळ नेले. घरकर्ज महागलं, कंपन्यांची नवी कामं लांबली. म्हणजे सरकारने एका हाताने दिलेला धक्का बँकेने दुसऱ्या हाताने अडवला. भरभराटीच्या काळात सरकारी खर्चाचा गुणक शून्याकडे का सरकतो, याचं हे एक साधं उत्तर. मंदीत व्याज तळाला असताना बँक अडवत नाही, म्हणून तोच खर्च जोर धरतो.

कर भरतो कोण आणि सोसतो कोण

आतापर्यंत ‘कर’ असा एकच शब्द वापरला, पण सगळे कर सारखे वागत नाहीत. चलन ज्याच्या नावावर फाटतं तोच कर सोसतो असंही नाही.

१९९० मध्ये अमेरिकेने एक लाख डॉलरहून महाग खाजगी बोटींवर, वरच्या रकमेच्या १० टक्के असा चैनकर लावला. हेतू स्वच्छ होता, श्रीमंतांनी थोडं जास्त द्यावं. श्रीमंतांनी काय केलं? बोट घेणं पुढे ढकललं, जुनी घेतली किंवा पैसा दुसऱ्या चैनीवर उडवला. बोटीशिवाय कुणाचं अडतं? अडलं ते बोट बांधणाऱ्या सुताराचं, रंगाऱ्याचं, फायबर ग्लासच्या कारागिराचं. गोद्यांमधून माणसं कमी झाली. त्याच वेळी मंदीही होती, त्यामुळे सगळं खापर करावर फोडणं बरोबर नाही. पण १९९३ मध्ये तो कर मागे घ्यावा लागला. ज्याला पर्याय आहे तो करापासून सरकतो आणि ज्याला सरकता येत नाही त्याच्यावर तो येऊन बसतो.

मालकाने कामगाराच्या पगारावर भरायच्या कराचंही तसंच. कागदावर तो मालक भरतो. पण नवा माणूस घ्यावा की नको हे ठरवताना मालक पगार आणि कर यांची बेरीजच बघतो. स्वीडनने २००७ ते २००९ मध्ये तरुण कामगारांपुरता हा कर जवळपास निम्म्यावर आणला. नंतरच्या अभ्यासात दिसलं की तरुणांना काम मिळण्याचं प्रमाण वाढलं. नोकऱ्यांवर थेट भार टाकणारा कर नोकऱ्यांनाच लागतो, यात आश्चर्य नाही. मला उलट याचं नवल वाटतं की रोजगारावर सर्वांत जास्त बोलणारी सरकारंही हा कर सहसा शेवटी हात लावायच्या यादीत ठेवतात. तो पगारातून आपोआप कापला जातो, आवाज होत नाही, म्हणून असेल.

वस्तू आणि सेवांवरच्या कराची तऱ्हा जपानने दाखवली. १ एप्रिल २०१४ ला तिथला विक्रीवरचा कर ५ वरून ८ टक्के झाला. तारीख सगळ्यांना आधीपासून माहीत होती. त्यामुळे मार्चअखेरपर्यंत लोकांनी फ्रिज, मोटारी, टिकणाऱ्या सगळ्या वस्तू घेऊन टाकल्या. एप्रिलनंतर दुकानं ओस पडली. त्या तिमाहीत अर्थव्यवस्था वार्षिक हिशोबाने सुमारे ७ टक्क्यांच्या वेगाने आक्रसली. मार्चमधली झुंबड आणि एप्रिलमधला शुकशुकाट एकमेकांना भरून काढतील अशी अपेक्षा होती, पण खरेदी बराच काळ थंडच राहिली. पुढची वाढ १० टक्क्यांपर्यंत, २०१५ मध्ये ठरलेली, दोनदा पुढे ढकलली गेली आणि १ ऑक्टोबर २०१९ ला झाली.

मग कर वाढूनही नोकऱ्या वाढल्या, असं कधी झालंच नाही का? झालं आहे. १९९३ मध्ये बिल क्लिंटन सरकारने वरच्या उत्पन्नावरचा कर ३१ वरून ३९.६ टक्क्यांपर्यंत नेला. विरोधकांनी नोकऱ्यांचा सत्यानाश होईल अशी भाकितं केली. २००० पर्यंत बेकारी साधारण ७ वरून ४ टक्क्यांवर आली आणि अंदाजपत्रकात शिल्लक पडू लागली. यातून ‘कर वाढवला म्हणून नोकऱ्या वाढल्या’ असा निष्कर्ष मात्र काढू नये. तो काळ संगणक आणि इंटरनेटच्या लाटेचा होता. फार तर एवढंच म्हणता येईल की तेजीच्या काळात, सधनांवर, माफक प्रमाणात वाढवलेल्या कराने तेजी मोडली नाही.

उलट दिशेचा प्रयोग अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात झाला. २०१२ मध्ये गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक यांनी प्राप्तिकर मोठ्या प्रमाणात कमी केला आणि मालकाच्या वैयक्तिक खात्यात येणाऱ्या बहुतेक धंद्यांच्या नफ्यावरचा राज्याचा कर तर शून्यच केला. करकपातीने धंदे वाढतील, नोकऱ्या वाढतील आणि त्यातून महसूलही भरून निघेल, हा युक्तिवाद होता. आर्थर लॅफर हे अर्थतज्ज्ञ सल्लागार होते. कराचा दर आणि महसूल यांच्यातल्या ज्या वक्ररेषेला त्यांचं नाव आहे, तिच्यावरच सगळी मांडणी उभी होती. वक्ररेषा चूक नाही. १०० टक्के कर लावला तर कोणी कमावणारच नाही, हे कुणीही मान्य करेल. प्रश्न एवढाच की आपण त्या रेषेवर कुठे उभे आहोत. कॅन्सस जिथे उभं होतं तिथून कर कमी केल्यावर महसूल घसरला आणि भरून आला नाही. पुष्कळांनी तर नवी माणसं न घेता आपला पगारच ‘धंद्याचा नफा’ म्हणून दाखवायला सुरुवात केली. राज्याचं पतमानांकन घसरलं, २०१५ मध्ये काही शाळांना पैशाअभावी वर्ष लवकर आटोपावं लागलं आणि रोजगारवाढीत राज्य देशाच्या मागेच राहिलं. २०१७ च्या जूनमध्ये ब्राउनबॅक यांच्याच पक्षाच्या बहुमतातल्या विधिमंडळाने त्यांचा नकाराधिकार ओलांडून ही कपात मोठ्या प्रमाणात रद्द केली.

पैसे उसने देणाऱ्याचं मत

तूट वाढवून खर्च करायचा तर कर्ज लागतं, आणि कर्ज देणारा आपलं मत व्याजदरातून सांगतो. २३ सप्टेंबर २०२२ ला लिझ ट्रस यांच्या ब्रिटिश सरकारने सुमारे ४५ अब्ज पौंडांच्या करकपातीची घोषणा केली. हे पैसे कुठून भरून काढणार याचा तपशील नव्हता आणि महागाई आधीच भडकलेली होती. काही दिवसांत सरकारी रोख्यांचे भाव कोसळले, व्याज उसळलं, पेन्शन फंड अडचणीत आले आणि २८ तारखेला बँक ऑफ इंग्लंडला रोखे खरेदीसाठी धाव घ्यावी लागली. अर्थमंत्री तीन आठवड्यांत गेले, पंतप्रधानांनी त्यानंतर आठवडाभरात राजीनामा दिला. घरकर्जाचा हप्ता वाढलेल्या माणसाच्या दृष्टीने ती करकपात करवाढीसारखीच ठरली.

ग्रीसची गोष्ट याच्या दुसऱ्या टोकाची आहे आणि जास्त वेदनादायक आहे. २०१० मध्ये कुणी कर्ज देईना म्हणून ग्रीसला मदतीच्या बदल्यात खर्चकपात आणि करवाढ दोन्ही एकदम करावी लागली. विक्रीवरचा कर १९ टक्क्यांवरून त्याच वर्षात २३ टक्क्यांवर गेला, सरकारी पगार आणि पेन्शन कापली गेली. चलन युरो, त्यामुळे ते स्वस्त करून निर्यात वाढवायची सोय नाही. व्याजदर कमी करणं ग्रीसच्या हातात नाही. २०१३ मध्ये बेकारी २७ टक्क्यांच्या वर गेली. अर्थव्यवस्था २००८ च्या तुलनेत जवळपास पाव हिश्शाने लहान झाली. आणि ज्या कर्जासाठी हे सगळं केलं त्याचं उत्पन्नाशी प्रमाण घटण्याऐवजी वाढलं, कारण कर्ज जितकं आवरलं त्याहून वेगाने उत्पन्न आटलं.

या सल्ल्यामागे जे अंदाज होते ते चुकले होते, हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने स्वतःच तपासलं, आणि त्याबद्दल त्यांना श्रेय द्यायला हवं. निधीचे मुख्य अर्थतज्ज्ञ ऑलिव्हिए ब्लाँशार आणि त्यांचे सहकारी डॅनियल ली यांना दिसलं की अंदाज बांधताना गुणक ०.५ च्या आसपास धरला गेला होता. प्रत्यक्षात २००८ च्या मंदीनंतरच्या या काळात तो ०.९ ते १.७ च्या दरम्यान होता. खर्च एका रुपयाने कापला तर उत्पन्न अर्ध्या रुपयाने घटेल असं धरलं आणि घटलं ते जवळजवळ एक ते पावणेदोन रुपयांनी. दशांश चिन्हाच्या आजूबाजूची ही चूक लाखो नोकऱ्यांची होती.

कापलेला खर्च मात्र पटकन लागू होतो आणि वाढवलेला खर्च पटकन होत नाही, ही आणखी एक विषमता. पेन्शन किंवा बेकारभत्ता वाढवला तर तो पुढच्या महिन्यात बाजारात येतो. पूल बांधायचा तर जमीन, परवानग्या, निविदा, हरकती. कुदळ पडेपर्यंत कधी कधी मंदी संपलेली असते. ‘लगेच सुरू करता येतील अशी’ सार्वजनिक कामं प्रत्यक्षात नसतातच, असं २०१० मध्ये खुद्द बराक ओबामांनी कबूल केलं होतं. झटपट खर्चाचे स्वतःचे दोष असतात. २००९ मध्ये जुनी गाडी मोडीत काढून नवी घेणाऱ्यांना अमेरिकेने अनुदान दिलं. गाड्या धडाधड खपल्या, पण नंतरच्या अभ्यासांत दिसलं की लोकांनी पुढच्या काही महिन्यांत घेतल्या असत्या त्याच गाड्या आधी घेतल्या.

न गेलेली नोकरी मोजायची कशी?

अमेरिकेत सत्तेवर येऊ घातलेल्या ओबामा सरकारच्या आर्थिक सल्लागारांनी जानेवारी २००९ मध्ये एक आलेख काढला होता. पॅकेज आलं तर बेकारी ८ टक्क्यांच्या पुढे जाणार नाही, नाही आलं तर ९ च्या आसपास जाईल, असं तो सांगत होता. पॅकेज आलं आणि ऑक्टोबरमध्ये बेकारी १० टक्के झाली. विरोधकांनी तो आलेख वर्षानुवर्षं दाखवला: बघा, खर्च करून उलट वाढली. सरकारचं म्हणणं होतं की मंदी आम्हाला वाटली त्याहून खोल निघाली, पॅकेज नसतं तर आकडा आणखी वर गेला असता. दोन्ही बाजू एकाच आलेखाकडे बोट दाखवत होत्या, आणि पॅकेजविना गेलेलं २००९ कुणालाच पाहता येणार नव्हतं. अर्थतज्ज्ञ मग वळणाने जातात. सारख्या परिस्थितीतल्या दोन प्रांतांपैकी एकाला काही योगायोगाने जास्त निधी मिळालेला असतो. त्या दोघांतला फरक ते मोजतात. त्यातून सर्वसाधारण कौल असा निघाला की पॅकेजने नोकऱ्या वाचवल्या. किती, यावर मतभेद आहेत.

आणि त्याच काळात हिशोबाची दुसरी बाजू शांतपणे चालू होती. अमेरिकेतल्या जवळपास सगळ्या राज्यांवर अंदाजपत्रक संतुलित ठेवण्याचं बंधन आहे. मंदीत करवसुली घटली की राज्यांना खर्च कापावा लागतो. केंद्र एका बाजूने पैसा ओतत असताना राज्यं आणि शहरं शिक्षक, सफाई कामगार, अग्निशामक दलाचे जवान कमी करत होती. काही वर्षांत अशा पाच लाखांहून अधिक नोकऱ्या गेल्या. केंद्राच्या पॅकेजचा मोठा हिस्सा याच राज्यांच्या तिजोरीत गेला म्हणून तो आकडा आणखी फुगला नाही.

बोटी बांधणाऱ्या ज्या सुताराचं काम १९९१ मध्ये सुटलं, त्याला कर कोणता आणि कधी लागला ते ठाऊक होतं. केंद्राचा निधी वेळेवर आला म्हणून जिला काढून टाकण्याचं पत्र मुख्याध्यापकांच्या टेबलातच राहिलं, त्या शिक्षिकेला असं काही पत्र होतं हे कधी कळलंही नसेल. कुठल्याही यादीत तिचं नाव नाही, आणि पुढच्या करवाढीवर मत विचारलं तर बहुधा ती ‘नको’च म्हणेल.